उत्तर जुळलं, पण पटलं नाही

एसईला असताना डीसी शंट मोटरच्या लोड टेस्टमध्ये आमच्या बॅचचं एक रीडिंग गंडलं. लोड वाढवत जायचं आणि स्पीड मोजायचा, एवढाच प्रयोग. लोड वाढला की स्पीड हळूहळू उतरतो. आमचे सहा पॉइंट शहाण्या मुलांसारखे उतरत्या रेषेवर बसले. सातवा मात्र वर चढून बसला. दुसऱ्या दिवशी सबमिशन. प्रयोग परत करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. मी खोडरबर घेतला, सातवा पॉइंट खोडला आणि रेषेवर नीट बसेल असा आकडा टेबलमध्ये भरून टाकला. सरांनी सही केली. बाकीच्यांनी माझंच जर्नल छापलं, त्यामुळे तो खोटा पॉइंट अख्ख्या बॅचच्या फायलींमध्ये अमर झाला!

हे आठवायचं कारण म्हणजे पॉल डिरॅक.

आपल्यापैकी बहुतेकांना हे नाव सिग्नल्स अँड सिस्टिम्समुळे माहीत असतं. डिरॅक डेल्टा फंक्शन : रुंदी शून्य, उंची अनंत, क्षेत्रफळ एक. व्हायव्हाला विचारतात म्हणून आपण पाठ करतो आणि पुढे जातो. मीही गेलो असतो. पण पीएलमध्ये लायब्ररीत अभ्यास सोडून इकडची तिकडची पुस्तकं चाळताना कळलं, की हा नोबेलवाला माणूस मुळात इलेक्ट्रिकल इंजिनिअर! आपल्याच ब्रँचचा म्हणून या लेखात मी त्याला अरे-तुरे करणार आहे, ज्येष्ठांनी राग मानू नये. पुढे वाचत गेलो तसं आणखी एक कळलं. न पटणारी गोष्ट वजा करून मोकळं व्हायला या माणसाने जन्मभर नकार दिला आणि त्यापायी तो जवळजवळ एकटा पडला.

डिरॅकचा जन्म ८ ऑगस्ट १९०२ चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातला. वडील चार्ल्स मूळचे स्वित्झर्लंडचे, शाळेत फ्रेंच शिकवायचे. शिस्त कडक. घरी त्यांच्याबरोबर जेवताना पॉलने फ्रेंचमध्येच बोलायचं असा नियम. आई, मोठा भाऊ फेलिक्स आणि धाकटी बहीण बेटी स्वयंपाकघरात जेवायचे, आणि पॉल वडिलांसमोर टेबलावर. फ्रेंचमध्ये मनासारखं बोलता येत नाही, मग गप्प बसलेलं बरं, हे तो तिथेच शिकला, असं तो स्वतः पुढे सांगत असे. ती सवय कायमची लागली. केंब्रिजमधल्या त्याच्या मित्रांनी नंतर गमतीने डिरॅक नावाचं एकक काढलं होतं : एक डिरॅक म्हणजे तासाला एक शब्द!

त्याची शाळाही तांत्रिक होती. गणित-विज्ञानाबरोबर विटा रचणं, बूट शिवणं, धातूकाम असलं सगळं तिथे शिकवत. १९१८ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो ब्रिस्टल विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला गेला. का गेला? तर भाऊ इंजिनिअरिंगला होता म्हणून. आणि भाऊ का होता? फेलिक्सला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं, पण वडिलांना ते मान्य नव्हतं. ही गोष्ट ब्रिस्टलची असली तरी आपल्या हॉस्टेलच्या दर मजल्यावर तिच्या दोन-चार कॉप्या सापडतील.

१९२० च्या उन्हाळ्यात पॉल रग्बी गावातल्या एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात ट्रेनिंगला गेला. फेलिक्स तेव्हा त्याच गावात काम करत होता. दोघे सख्खे भाऊ रस्त्यात समोरासमोर आले तरी एक शब्द न बोलता पुढे जात.

१९२१ मध्ये पॉल पहिल्या वर्गात पास झाला. आणि प्लेसमेंट? शून्य! पहिल्या महायुद्धानंतर मंदी आली होती, कुणी नोकरी देईना. केंब्रिजची स्कॉलरशिप मिळाली, पण ती वर्षाला ७० पौंडांची, तेवढ्यात तिथे राहणं परवडणारं नव्हतं. शेवटी ब्रिस्टलच्याच गणित विभागाने फी न घेता त्याला दोन वर्षं शिकू दिलं. १९२३ मध्ये पैशाची सोय झाली आणि तो केंब्रिजला पोचला. त्या वर्षी जर एखाद्या कंपनीने त्याला घेतलं असतं, तर तो कदाचित आयुष्यभर डायनॅमो दुरुस्त करत बसला असता.

इंजिनिअरिंगची ती वर्षं वाया गेली असं मात्र तो कधीच म्हणाला नाही. आधी त्याला वाटायचं की समीकरण अचूक असेल तरच त्याला किंमत. इंजिनिअरिंगने शिकवलं की जगात सगळं अंदाजेच चालतं. महत्त्वाचं काय आणि सोडून देण्याजोगं काय, हे ओळखता आलं पाहिजे. डेल्टा फंक्शनसारखी वस्तू गणितज्ञांची परवानगी न घेता वापरायचं धाडसही त्याला या शिक्षणातून आलं. ही अंदाजाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्च १९२५ मध्ये फेलिक्सने आत्महत्या केली. आईवडील पार कोलमडून गेले. त्यांना आपल्याबद्दल इतकं वाटतं याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असं पॉलने पुढे अनेक वर्षांनी सांगितलं. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एकाच घरात राहणाऱ्या माणसांना इतकी साधी गोष्ट कळायला केवढी किंमत मोजावी लागली! मित्रांनो, मी काही समुपदेशक नाही. पण ब्रँच नको होती, केटी राहिल्यात, घरी सांगायची हिंमत होत नाही असं काही मनात असेल, तर रूम पार्टनरला उठवा, मेसच्या काकांना सांगा, वॉर्डन सरांचं दार वाजवा. कुणाला तरी बोला. कुणाला किती वाटतं, हे बोलल्याशिवाय कळत नाही.

त्याच वर्षी डिरॅकचं नशीब उघडलं. त्याचे गाइड फाउलर यांनी त्याला हायझेनबर्गच्या नव्या पेपरची प्रूफं वाचायला दिली. त्यात एक विचित्र गोष्ट होती : राशींचा गुणाकार उलटा केला की उत्तर बदलत होतं. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी डिरॅक एकटाच फिरायला गेला असताना त्याला एकदम आठवलं, असंच काहीतरी जुन्या मेकॅनिक्समध्ये पाहिलंय, पॉयसाँ ब्रॅकेट! पण नेमकी व्याख्या आठवेना. खोलीवरच्या पुस्तकांत सापडेना. लायब्ररी रविवारी बंद. बिचाऱ्याने रात्र तळमळत काढली आणि सोमवारी लायब्ररी उघडताच पळाला. कल्पना बरोबर निघाली. लायब्ररीच्या दारात कुलूप उघडायची वाट बघत उभं राहण्याइतकी भूक आपल्याला कधी लागली होती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर छापण्यासारखं नाही.

पुढची आठ वर्षं म्हणजे नुसता धडाका. १९२७ मध्ये अणूतून प्रकाश कसा बाहेर पडतो याचं गणित त्याने मांडलं. त्याच्या पद्धतीत विद्युतचुंबकीय क्षेत्र म्हणजे असंख्य ऑसिलेटरांचा समूह, आपल्या भाषेत असंख्य एलसी सर्किटं, आणि प्रत्येकाला क्वांटमचे नियम लावायचे. क्वांटम फील्ड थिअरी सुरू झाली ती या पेपरपासून. १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनचं समीकरण आलं. त्यातून इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याचं चुंबकत्व काही वरून न घालता आपोआप बाहेर पडलं. १९३१ मध्ये त्याने इलेक्ट्रॉनच्या उलट भाराचा जोडीदार असला पाहिजे असं सांगितलं आणि १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसनला तो पॉझिट्रॉन खरोखर सापडला. त्याच वर्षी डिरॅक न्यूटनच्या खुर्चीवर, म्हणजे केंब्रिजचा लुकेशियन प्रोफेसर म्हणून बसला. १९३३ मध्ये श्रोडिंजरबरोबर नोबेल. प्रसिद्धी नको म्हणून तो नोबेल नाकारायला निघाला होता. नाकारलंस तर जास्त प्रसिद्धी होईल, असं रदरफोर्डने समजावलं तेव्हा कुठे तयार झाला. समारंभाला त्याने फक्त आईला नेलं. वय अवघं ३१.

इथेच गोष्ट संपवता आली असती. पण खरी गोष्ट इथून पुढे आहे.

आता थोडं फील्ड्सच्या पेपरकडे वळू. कपॅसिटरच्या क्षेत्रात ऊर्जा साठते हे आपल्याला माहीत आहे. एखाद्या गोळीवर भार असेल तर तिच्याभोवतीच्या क्षेत्रातही ऊर्जा असते आणि गोळी जितकी लहान तितकी ती ऊर्जा जास्त. त्रिज्या अर्धी केली की ऊर्जा दुप्पट. इलेक्ट्रॉन तर बिंदू मानलेला. त्रिज्या शून्य, म्हणजे ऊर्जा अनंत. आणि आइनस्टाइनच्या सूत्राने ऊर्जा म्हणजेच वस्तुमान, म्हणजे इलेक्ट्रॉनचं वस्तुमानही अनंत यायला हवं! प्रत्यक्षात ते एक किलोच्या दशांशचिन्हानंतर तीस शून्यं टाकल्यावर सुरू होतं. क्वांटम फील्ड थिअरीने हे भूत जाईल अशी आशा होती. गेलं नाही. डिरॅकच्या थिअरीत पहिल्या पायरीचं उत्तर झकास येई. पण पुढची बारीक दुरुस्ती काढायला गेलं की ती बारीक न येता अनंत येई. १९३० मध्ये ओपनहायमरने हिशेब करून दाखवला, की या पद्धतीने अणूच्या वर्णरेषा अनंत अंतराने सरकायला पाहिजेत. स्वतःच्या हाताने बांधलेल्या इमारतीच्या पायाला पडलेली ही भेग डिरॅकला सतत दिसत राहिली.

१९४७ मध्ये गंमत झाली. न्यूयॉर्कमध्ये लँब आणि रेदरफर्ड यांनी युद्धात तयार झालेलं मायक्रोवेव्हचं तंत्र वापरून हायड्रोजनच्या दोन पातळ्या मोजल्या. डिरॅकच्या समीकरणाप्रमाणे त्या अगदी सारख्या असायला हव्या होत्या. त्यांच्यात सुमारे १००० मेगाहर्ट्झचा फरक निघाला. एवढासा फरक! पण त्यांनी तो खोडला नाही. (इथे मला माझा सातवा पॉइंट आठवला.) त्या फरकाने सगळ्या जगातले फिजिक्सवाले कामाला लागले. टोमोनागा, श्विंगर आणि फाइनमन यांनी हिशेबाची नवी रीत बसवली आणि डायसनने त्या तिघांच्या रीती एकच आहेत हे दाखवलं. या रीतीला म्हणतात रीनॉर्मलायझेशन.

ही रीत समजायला मार्केट यार्डात चला. धान्याचं पोतं काट्यावर ठेवतात आणि बारदानाचं वजन वजा करतात. उरलं ते धान्य. इलेक्ट्रॉनचंही तसंच. त्याचं मूळ वस्तुमान हे धान्य, आणि क्षेत्रामुळे आलेलं वस्तुमान हे बारदान. अडचण एवढीच की इथे बारदानच अनंत वजनाचं! या मंडळींनी सांगितलं की दोन्ही वेगळे मोजायच्या भानगडीत पडूच नका. काट्यावर दिसतं ते एकूण वजन तेवढं खरं. प्रयोगात मोजलेलं वस्तुमान आणि मोजलेला भार घ्या, ते समीकरणात घाला, म्हणजे सगळी अनंतं या दोन आकड्यांत गडप होतात आणि बाकीची उत्तरं सुटसुटीत येतात.

आणि उत्तरं कशी आली! श्विंगरने १९४८ मध्ये काढलं की इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व डिरॅकच्या किमतीपेक्षा ०.११६ टक्क्याने जास्त असलं पाहिजे. प्रयोगात तेच निघालं. २०२३ च्या मोजमापापर्यंत ही थिअरी आणि प्रयोग जवळपास बाराव्या अंकापर्यंत जुळतात. सगळ्या विज्ञानात इतकं जुळणारं उत्तर क्वचितच सापडेल. तिघांना १९६५ चं नोबेल मिळालं. फाइनमनच्या पद्धतीचं बीज तर डिरॅकच्याच १९३३ च्या एका पेपरात होतं. म्हणजे जिंकली ती डिरॅकचीच थिअरी. पोरांनी बापाचं घर सावरलं होतं.

बाप मात्र खूश नव्हता.

त्याचं म्हणणं साधं होतं आणि ते पक्कं इंजिनिअरचं होतं. हिशेबात एखादी राशी आपण सोडून देतो ती लहान असते म्हणून. ती अनंत मोठी आहे आणि आपल्याला नको आहे, म्हणून सोडून द्यायची नसते. अंदाजावर जगायला शिकलेला हा माणूस अंदाजाला नाही म्हणत नव्हता. अंदाज आणि उत्तर जुळवणं यांतला फरक त्याला सोडायचा नव्हता. उत्तर बारा अंकांपर्यंत जुळलं म्हणून रीत बरोबर ठरत नाही. पाया असा हवा की अनंत मुळात येणारच नाही, आलेलं झाकावं लागणार नाही. आता विचार करा, बारा अंकांपर्यंत जुळलेलं उत्तर समोर असताना हे म्हणायला काय लागत असेल! आपण दोन अंक जुळले तरी पार्टी मागतो.

नुसती टीका करून तो थांबला नाही. १९३८ मध्ये बिंदू-इलेक्ट्रॉनची क्वांटमशिवायची थिअरी नव्याने लिहून पाहिली. चाळीसच्या दशकात ऋण संभाव्यता वापरून पाहिली. १९६२ मध्ये इलेक्ट्रॉन म्हणजे बिंदू नसून फुगणारा-आकसणारा भारित फुगा आहे, असं मॉडेल केलं. एकही चाललं नाही. तरुण मंडळी आदराने नमस्कार करायची आणि आपल्या कामाला लागायची.

याच काळात तो आपल्याकडे येऊन गेला. १९५४ मध्ये अमेरिकेने त्याला व्हिसा नाकारला, आणि त्या हिवाळ्यात तो मुंबईत आला. टाटा इन्स्टिट्यूट तेव्हा गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. तिथे त्याने व्याख्यानं दिली. बोलावणारे होते होमी भाभा. भाभांची गोष्टही आपल्या ओळखीची : घरच्यांच्या इच्छेखातर केंब्रिजला मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं, त्यात पहिला वर्ग मिळवून दाखवला आणि मगच गणिताकडे वळले. तिथे त्यांना शिकवायला डिरॅक होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले की काय होतं, याचं भाभांनी १९३६ मध्ये छापलेलं गणित जगभर भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवतात. ते उभं आहे डिरॅकच्या समीकरणावर. थोडक्यात, दोन इंजिनिअर!

मग डिरॅक बरोबर की चूक? मी आमच्या फिजिक्सच्या सरांना हे विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. १९७० नंतर केनेथ विल्सनने रीनॉर्मलायझेशनचा अर्थच बदलला. त्याला १९८२ मध्ये नोबेल मिळालं. आपण ट्रान्समिशन लाइनचं शॉर्ट लाइन मॉडेल घेतो, एक रेझिस्टन्स आणि एक इंडक्टन्स. तारेतल्या अणूंचं काय चाललंय हे त्यात नसतं, ते सगळं त्या दोन आकड्यांत मुरलेलं असतं. पन्नास हर्ट्झला मॉडेल मस्त चालतं. तेच मॉडेल अनंत फ्रिक्वेन्सीपर्यंत ताणलं की वेडंवाकडं उत्तर येणारच. तो मॉडेलचा गुन्हा नाही, ताणणाऱ्याचा आहे. अनंत येतं याचा अर्थ ही थिअरी इथपर्यंतच, यापेक्षा लहान अंतरावर काहीतरी वेगळं आहे. त्यामुळे रीनॉर्मलायझेशन म्हणजे माझ्या जर्नलमधली लबाडी नव्हे. इतकं मान्य करायलाच हवं.

पण मग त्या लहान अंतरावर काय आहे? हाच तर डिरॅकचा प्रश्न होता! १९८३ च्या सुमारास एक थिअरी अशी सापडली की तिच्यातली अनंतं एकमेकांना आपोआप कापतात, काही वजा करावं लागत नाही. तिचं नाव एन बरोबर चार सुपरसिमेट्रिक थिअरी. म्हणजे अनंत नसलेली फील्ड थिअरी अशक्य नाही. पण तिच्यात आपल्या जगातले इलेक्ट्रॉन-प्रोटॉन बसत नाहीत. आणि गुरुत्वाकर्षणाला तर बारदान वजा करायची रीतही पुरत नाही, तिथे दर पायरीला नवं बारदान निघतं. डिरॅकचा उपाय चुकला असेल, प्रश्न अजून उभा आहे.

डिरॅक सत्तरीच्या आसपास अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅलाहासी गावी राहायला गेला आणि तिथल्या विद्यापीठात शिकवू लागला. १९८३ मध्ये पिएर रामाँ नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला व्याख्यानाचं आमंत्रण दिलं. डिरॅक नाही म्हणाला. आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही, आपलं आयुष्य अपयशी ठरलं, असं त्याचं म्हणणं पडलं. रामाँ अवाक् झाले. ज्याच्या समीकरणावर सगळं पार्टिकल फिजिक्स उभं, तो हे बोलतो! कारण तेच, अनंतं गेली नव्हती. २० ऑक्टोबर १९८४ ला तो टॅलाहासीलाच वारला. १९९५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनच्या समाधीजवळ त्याच्या नावाची फरशी बसवली. तिच्यावर त्याचं समीकरण कोरलंय.

त्याला अपयशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण केटीच्या निकालानंतर जो तो स्वतःला अपयशी म्हणवतो त्या हॉस्टेलमध्ये हे सांगितलं पाहिजे, की अपयश या शब्दाचे अर्थ वेगवेगळे असतात. काहींचं उत्तर चुकतं म्हणून, तर काहींचं बरोबर उत्तर पटत नाही म्हणून.

जाता जाता सातव्या पॉइंटचं सांगतो. गेल्या सेमला मशीन लॅबच्या मामांना मस्का मारून मी तीच लोड टेस्ट परत केली. सातवा पॉइंट या वेळी मुकाट्याने रेषेवर बसला. मग आठवलं, त्या दिवशी सहा रीडिंग झाल्यावर मोटर चालू ठेवून आम्ही सगळे अर्धा तास चहाला गेलो होतो! मोटर अर्धा तास तशीच फिरवली आणि परत रीडिंग घेतलं. पॉइंट वर चढला. फील्ड वाइंडिंग तापलं, त्याचा रेझिस्टन्स वाढला, फील्ड करंट आणि फ्लक्स कमी झाला, स्पीड वाढला. पुस्तकात दिलेलंच होतं सगळं. म्हणजे सात आकड्यांपैकी मला काहीतरी शिकवू पाहणारा तो एकच आकडा होता, आणि मी तोच खोडला होता.

जर्नल केव्हाच जमा झालंय. दुरुस्त करता येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.